मोनालीनं खरं तेच सांगितलं

मोनालीला नावं ठेवायची असली तर माझ्या मेसमध्ये बसून ठेवायची न्हाईत. बाहेर रस्ता मोकळा हाय, एमआयडीसी लई मोठी हाय, कुठंबी उभं राहा आन् काय बोलायचं ते बोला. माझ्या ताटात जेवायचं आन् माझ्याच माडीवर राहणाऱ्या पोरीला डूख धरणारी बाई म्हणायचं, हे मी ऐकून घेणार न्हाय. धरला तिनं डूख. मग काय त्या दादासोच्या गळ्यात हार घालायचा होता?

मी शकुबाई. बारामती एमआयडीसीत माझी मेस हाय. पहिल्या पाळीची पोरं मोटारसायकली लावून जेवायला येतात, दुसऱ्या पाळीची डबा नेतात. वर दोन खोल्या हायत, त्यातल्या एकीत मोनाली राहती. नवरा समाधान दुधाच्या प्लँटवर, ती दवाखान्यात नर्स, आन् एक पोरगी, छकुली. मोनाली मूळची कळंबची. वडील पाटबंधाऱ्यात नोकरीला होते, शिकवलं त्यांनी पोरीला. तिच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो हाय आन् त्याच्या शेजारी तिचं नर्सिंगचं सर्टिफिकेट, तेवढ्याच मोठ्या फ्रेममध्ये. पहिल्या दिवशी सामान लावायच्या आधी तिनं भिंतीला खिळे ठोकले होते.

माझ्या मेसच्या समोर, रस्त्याच्या पलीकडं, दादासोचं ऑफिस. 'परदेश नोकरी मार्गदर्शन' असा बोर्ड, काचेचं दार, आत एसी. आता ह्या दादासोचं मूळ सांगितल्याबिगर पुढचं कळायचं न्हाय. हा गडी आधी एका साखर कारखान्यात चिटबॉय होता. चिटबॉय म्हंजे ऊसतोडीची चिठ्ठी वाटणारा. आमच्याकडं कारखान्याला उसाची नोंद करायची, मग आपल्या पाळीची वाट बघत बसायचं. नोंद झाली की माणूस निवांत होतो. ऊस उभ्यानं वाळला तरी म्हणतो, नोंद हाय, पाळी येईल. दादासोनं आयुष्यभर हेच बघितलं. दुसरं त्यानं काय बघितलं, तर नियम. कुणाला चिठ्ठी द्यायची नसली की हा म्हणायचा, "नियमात बसत न्हाय." मग त्या माणसानं घरी एखादी कोंबडी पोचवली, की संध्याकाळपतोर नियमात बसायचं. म्हंजे नियम ह्या शब्दाचा अर्थ त्याच्या डोक्यात एवढाच, समोरचा अडवतोय, त्याला काय हवं ते बघा.

कारखान्यातनं त्याला काढला का तोच निघाला, देव जाणे. पण हा माणूस व्हिसाच्या धंद्यात आला आन् येताना सगळी भाषा तिकडनं घेऊन आला. फाईल आली की म्हणायचा, "तुमची नोंद लागली." कधी जायचं विचारलं की, "पाळी आली की." आन् लोकं ऐकायची. बारामतीची ऐकायची, इंदापूरची ऐकायची, शिकलेली पोरंबी ऐकायची. शब्द ओळखीचे ना! कुणाला वाटलंच न्हाय की इंग्लंडला उसाचा फड नसतो.

मोनालीची फाईल त्याच्याकडं दोन हजार तेवीसच्या दिवाळीत गेली. नर्स म्हणून जायचं तर इंग्रजीची परीक्षा, तिकडची नोंदणी, लई लांबण. दादासो म्हणाला, आधी म्हाताऱ्या माणसांची सेवा करायच्या कामावर जा, केअर वर्कर म्हणून, नर्सचं तिकडं जाऊन बघा. त्या कामावर तवा नवरा आन् लेकरू संगं नेता येत होतं. मोनालीनं तेवढंच तीनतीनदा विचारलं होतं, पोरगी येईल ना? येईल म्हणला. जानेवारीत तिकडच्या वृद्धाश्रमाचं पत्र आलं. छकुलीला मी लाल स्वेटर विणला, थंडीचा देश म्हणून.

मग नियम बदलला. अकरा मार्चपासनं जो अर्ज करेल त्याला नवरा-बायको, पोरंबाळं नेता येणार न्हाईत, असा तिकडच्या सरकारनं निकाल केला. अचानक न्हाय केला, डिसेंबरातच जाहीर केलं होतं, जगाला माहीत होतं. मला कशाला माहीत असेल? मला मार्च म्हंजे कारखान्याचा पट्टा पडायचा, गाळप संपायचा महिना एवढंच ठाऊक. पण दादासोचा तर धंदा होता तो! त्याच्या टेबलावर मोनालीचे सगळे कागद तयार होते. पण हा अर्ज सगळ्यांचे एकदमच भरायचा, आन् पुण्याला बोटांचे ठसे द्यायला माणसं न्यायची तर जीप भरल्याशिवाय हलायचा न्हाय. ट्रॉली भरायची वाट बघावी तशी ह्यानं माणसं भरायची वाट बघितली. जीप भरली मार्च सरताना. मोनालीचा व्हिसा आला, समाधानचा आन् छकुलीचा अर्जच घेतला न्हाय.

तवा तरी खरं बोलायचं का न्हाय मुडद्यानं? तर न्हाय. म्हणाला, "ताई, तुमी व्हा पुढं. पोरीची नोंद लावलीया मी. पाळी आली की स्वतः विमानात बसवतो."

आन् गेली ती. दवाखान्यातली नोकरी सोडलेली, सगळ्या गावानं पेढे खाल्लेले, जाईल न्हायतर काय करील? समाधानच्या पाळ्या फिरत्या, म्हणून अडीच वर्षांची छकुली माझ्याकडं. माझ्या मेसमध्ये चपातीच्या गोळ्यांशी खेळून मोठी झाली ती. पहिल्यांदा मोबाईलवर आई दिसली की पोरगी फोनला मुका द्यायची. मग नुसती बघायची. मग फोन वाजला की टेबलाखाली जाऊन बसायची. मी ओढून काढायची तिला, तोंडापुढं फोन धरायची, आन् पलीकडं मोनाली हसतीये असं दाखवायची. मला दिसायचं की सगळं. दादासोला ती दर आठवड्याला तिकडनं फोन करायची, तो सांगायचा, तुमच्या पुढं दोन नंबर हायत. कुठले नंबर, कुणाचे नंबर, त्यालाच माहीत.

तिच्यासंगं काम करणारी एक केरळची बाई होती. मोनालीनं तिला सहज सांगितलं, माझ्या मुलीची पाळी आली की ती येणार हाय. त्या बाईला कळेना, कसली पाळी? मग तिनं फोनवर सरकारचं पान उघडून पुढं ठेवलं. तुझी मुलगी येऊ शकत नाही, कधीच येऊ शकत नव्हती, तुझा अर्ज त्या तारखेच्या आधी गेला असता तरच. मोनाली मला सांगत होती, म्हणाली, मावशी, मी ते पान धुण्याच्या खोलीत बसून परत परत वाचलं, एखादा शब्द चुकून वेगळा निघेल म्हणून.

ती परत आली, तवा त्या सालाची दिवाळी होऊन गेली होती. एक बॅग हातात. रिक्षातनं उतरली आन् सरळ मेसमध्ये आली. छकुली माझ्यापाशी उभी होती. मी म्हणलं, बघ कोण आलंय. पोरगी माझ्या पदराआड गेली आन् मला हळूच विचारती, "कोण हाय गं ही?" मोनाली रडली न्हाय. हातपाय धुतले, जेवली, ताट स्वतः उचलून नेलं. मला वाटलं, शांत हाय पोरगी, सावरेल.

दुसऱ्या दिवशी ती रस्ता ओलांडून गेली. मी दारातनं बघत होती. आत काय झालं ते तिनंच सांगितलं. दादासो खुर्चीतनं उठलासुद्धा न्हाय. म्हणाला, "नियम बदलला त्याला मी काय करू ताई? नियम काय माझ्या बापाचा हाय का?" वर चहा मागवला तिच्यासाठी. ती चहा न घेता आली आन् मला म्हणाली, "मावशी, मला वाय-फायचा पासवर्ड द्या."

मी म्हणलं, आता पासवर्ड कशाला गं भवाने? म्हणाली, "नियम कुणाच्या बापाचा आहे ते बघते."

त्या दिवसापासनं तिची रीत ठरली. दुसरीकडच्या छोट्या दवाखान्यात नोकरी धरली, ड्युटी संपली की खिडकीजवळच्या टेबलाशी बसायची आन् मोबाईलवर तिकडच्या सरकारचे नियम वाचायची. पगाराची अट वाढली, इंग्रजीची अट वाढली, कुठल्या कंपनीला माणसं बोलवायचा परवाना हाय, कुणाचा काढून घेतला, सगळं. तिकडचं सरकारबी असं की पोळीसारखं दर थोड्या वेळानं नियम उलटतंय. पहिल्यांदा तिला एकेक पान वाचायला संध्याकाळ जायची, शब्द अडायचे. मग अडायचे बंद झाले. बायका मालिका बघतात तशी ती ते वाचायची, चेहरा तसाच, पुढं काय होतंय बघू असा.

आन् मग गिऱ्हाईकं. दादासोकडं आलेली पोरं दुपारी जेवायला येणार कुठं? माझ्याकडंच. इंदापूरची, भिगवणची, पार करमाळ्याची. मोनाली त्यांच्या समोर बसायची, गोड बोलायची, कुठं निघालात दादा, कंपनीचं नाव काय म्हणाले? मग मोबाईलवर बोट फिरवून सांगायची, हिचा परवाना गेलाय. ही कंपनी यादीतच नाही. ह्या कामाला बायको नेता येत नाही, त्यांनी येते म्हणून सांगितलं ना? पोरगं अर्धं जेवण सोडून उठायचं आन् पलीकडं जाऊन फाईल परत मागायचं. काचेच्या दारामागं आवाज चढायचे. मी कुठलीबी भाजी त्या दिवशी जास्तच झणझणीत करायची.

दादासोनं पहिल्यांदा दुर्लक्ष केलं. मग समाधानला निरोप धाडला, बायकोला आवर. समाधान गरीब माणूस, पण त्यानंबी आवरलं न्हाय. मग दादासोनं बोर्ड मोठा केला, रंगीत दिवे लावले. दोन हजार पंचवीसच्या जुलैत तर तिकडच्या सरकारनं दारच लावलं, परदेशातनं नवा केअर वर्कर घ्यायचाच न्हाय म्हणून. हा पठ्ठ्या तरी नोंदी लावत होता. मोनालीनं दार बंद झाल्याचं पान माझ्या मेसच्या टीव्हीवर लावलं, क्रिकेट बंद करून. जेवणाऱ्या पोरांनी आधी शिव्या दिल्या, मग वाचलं. त्या आठवड्यात दादासोच्या ऑफिसातल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या आन् मी सगळ्यांना फुकट शिरा वाढला.

लोकं मोनालीला म्हणायची, लई पुण्याचं काम करताय ताई. ती तोंडावर सांगायची, "भलं होत असेल तर होऊ दे. मला त्याचं दुकान बंद झालेलं बघायचंय." अशी सरळ बाई. ह्यात खोटेपणा कुठं हाय?

पण पुढं काचेच्या दाराला कुलूप लागलं, दुकान बंद झालं, तरी तिचं पोट भरलं न्हाय. छकुली आता तिच्याजवळ झोपायची, पण रात्री जाग आली की जिना उतरून माझ्या दाराशी येऊन रडायची. मोनाली तिच्यामागं उतरायची आन् पायरीवर बसून राहायची. मी पोरीला आत घेतल्यावर ती वर जायची.

आता दादासोची पोरगी. स्वरूपा. नर्सिंगला मोनालीच्या मागं दोन वर्षं होती. तिला बापानं मोनालीच्या कितीतरी आधी इंग्लंडला पाठवली, त्याच केअर वर्करच्या कामावर. तिच्या वेळी जीप भरायची वाट बघितली न्हाय बरं का, पुण्याला एकटीला गाडी करून नेलं. पोरगी मात्र चांगली. मोनाली तिकडं असताना हिनं तिला स्वतःचा जाड कोट पोस्टानं पाठवला होता. बापाचे धंदे तिला माहीत नव्हते. मोनालीनंबी तिला कधी सांगितलं न्हाय, पण दोघींचे नंबर एकमेकींकडं होते.

गेल्या पावसाळ्यानंतर स्वरूपाच्या कंपनीचा परवाना सरकारनं काढून घेतला. तिला कागद आला, साठ दिवसांत दुसरी कंपनी शोध, न्हायतर देश सोड. पोरीनं धावपळ करून शोधली, नव्यानं अर्ज केला आन् निकालाची वाट बघत बसली. आन् नेमकं त्याच वेळी हिकडं तिच्या भावाचं, इंद्रजितचं, लग्न ठरलं. इंदापूरला मोठं कार्यालय, पाहुणे सगळ्या जिल्ह्यातले. एकुलती एक बहीण. करवली म्हणून नवरदेवाच्या मागं करा घेऊन तिनंच उभं राहायचं. दादासोची आई, ठमाबाई, कळंबला राहती, तिनं तर हट्टच धरला, नातीबिगर अक्षता पडायच्या न्हाईत. स्वरूपाला मात्र धाकधूक. ती बापाला म्हणाली, तुम्ही मोनालीताईला विचारा. ती ये म्हणाली तर येते.

म्हणून तो आला. ज्या माणसानं ह्या रस्त्याकडं बघणं सोडलं होतं, तो रस्ता ओलांडून माझ्या मेसमध्ये आला. हातात पिशवी, पिशवीत भिगवणहून आणलेली भलीमोठी मरळ, अजून शेपूट हलत होती. टेबलावर ठेवली आन् बसला. दुपार सरली होती, मेसमध्ये मी, मोनाली आन् तो, एवढंच. छकुली शाळेतनं यायची होती.

त्यानं सगळं सांगितलं. मोनालीनं ऐकून घेतलं. अर्जाचा निकाल लागलाय का, एवढंच विचारलं. न्हाय म्हणला. मग ती अगदी हळू, गोड आवाजात म्हणाली, "येऊ नको म्हणा तिला. निकाल लागायच्या आत तिनं देश सोडला तर अर्ज मागं घेतला असंच धरतात. जुना व्हिसा तर साठ दिवसांचाच उरला होता, मग तिच्याकडं कुठलाच व्हिसा राहत नाही. आणि इथून नवा करता येत नाही, ते दार जुलैत लागलंय. लग्न तिच्याशिवाय लावा."

आन् हसली. मी तिला एवढी वर्षं बघतीया, पण तसं हसू मी तिच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं.

दादासोनं माशाची पिशवी तिच्याकडं सरकवली. मग तोबी हसला. "ताई, अडवताय व्हय? झालं गेलं सोडा आता. काय पाहिजे ते बोला."

"मला काही नको," मोनाली म्हणाली. "नियम आहे."

संपलं! तो शब्द कानावर पडला आन् त्याच्या चेहऱ्यावरची काळजीच गेली. आता त्याला सगळं समजलं असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी मोनालीला पैठणी आन् छकुलीला फ्रॉक घेऊन आला. मोनालीनं त्याला चहा पाजला, तेच वाक्य तेवढ्याच गोडीनं परत सांगितलं आन् पैठणी परत दिली. उठताना त्याचं डोकं फिरलं. म्हणाला, "माझ्या पोरीला माझ्यापास्नं तोडायला बघतीयास. मी काय दुधखुळा न्हाय. तिच्या व्हिसावर पुढल्या सालाची तारीख हाय, मी स्वतः बघितलीया." गेला तरातरा.

मी म्हणलं, "अगं, त्याला पटलं न्हाय."

"पटणार नाहीच," ती म्हणाली.

"मग नीट सांगायचं की. ते पान दाखवायचं. जगाला दाखवतीस, टीव्हीवर लावतीस."

ती मोबाईल चार्जिंगला लावत होती. म्हणाली, "रडून, ओरडून, पान दाखवून सांगितलं असतं तर पटलं असतं, मावशी." माझ्या हातात कणीक तशीच राहिली. तवा मला कळलं, तिनं त्याला खरं का सांगितलं. त्या माणसाला हिनं असं हसून सांगितलेलं खरं कधीच पटणार न्हाय, हे ती पक्कं ओळखून होती. खोटं बोलली असती तर उद्या कुणीतरी बोट दाखवलं असतं. खऱ्याला कोण बोट दाखवणार?

मी म्हणलं, पोरीला फोन कर. नंबर हाय तुझ्याकडं. म्हणाली, "माझ्याकडं तो आला. मी त्याला सांगितलं." आन् वर गेली. मला राग आला तिचा, खोटं कशाला बोलू. पण मग छकुली शाळेतनं आली, दप्तर टाकलं आन् वर आईकडं न जाता माझ्या पदराला हात पुसत बसली. मी परत कणीक मळायला घेतली.

डिसेंबरात लग्न झालं. आमाला बोलावणं नव्हतं, पण सगळ्या एमआयडीसीच्या मोबाईलवर लग्नाचं स्टेटस होतं. घोडा, डीजे, ड्रोन. नवरदेवाच्या मागं हिरवा शालू नेसून स्वरूपा, हातात करा. दिसत होती मात्र लक्ष्मीसारखी. दादासो प्रत्येक फोटोत मध्यभागी. मोनालीनं ते फोटो एक एक करून शेवटपतोर बघितले.

पूजा, देवदर्शन झाल्यावर स्वरूपा मुंबईला विमानतळावर गेली. काउंटरवरच्या माणसानं तिचं नाव मशीनमध्ये घातलं, परत घातलं, साहेबाला बोलावलं. अर्ज तिनं देश सोडला त्याच दिवशी बाद झाला होता. विमानात घेतलंच न्हाय. तिकडं तिची खोली, तिचं सामान, तिची नवी कंपनी, सगळं तसंच राहिलं. बापानं मुंबईत दोन एजंट गाठले, पुण्यात वकील गाठला. सगळ्यांनी मोनालीनं सांगितलं होतं तेच वाक्य सांगितलं. ऐकलं तवा माझ्या अंगावर काटा आला. आन् खरं सांगती, आत कुठंतरी गारबी वाटलं.

मग एक दिवस स्वरूपा माझ्या मेसमध्ये आली. हातावरची लग्नाची मेंदी अजून पुरती गेली नव्हती. मोनाली खिडकीशी, छकुली तिच्या शेजारी भात खात होती. मी न विचारता स्वरूपाला ताट वाढलं, दुसरं मला काय सुचणार?

तिनं ताटाला हात लावला न्हाय. विचारलं, "ताई, पप्पा म्हणाले, तुम्ही 'खुशाल ये' म्हणालात. खरंच म्हणालात?"

म्हंजे बघा. बापानं पोरीला तसं सांगितलं होतं. मोनाली अडवतीये अशी त्याची खात्री, मग पोरीचा उगीच गोंधळ कशाला, म्हणून ह्यानं परस्पर नियमात बसवून टाकलं.

"नाही," मोनाली म्हणाली. "येऊ नको म्हणाले. दोनदा म्हणाले. मावशी होत्या समोर."

स्वरूपानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. पोरीचा चेहरा असा उतरला की मला बघवंना. तिनं ताट बाजूला सारलं. मग तिच्या डोक्यात दुसरं आलं. आलंच पाहिजे, शिकलेली पोरगी.

"माझा नंबर होता तुमच्याकडं," ती म्हणाली.

"होता."

"पप्पा कसे आहेत ते तुम्हाला माहीत होतं. एक मेसेज केला असता तर मी थांबले असते."

"थांबली असतीस."

"मी काय केलं होतं, ताई?" तिचा आवाज फुटला. "माझं काय चुकलं होतं?"

मोनालीनं छकुलीच्या तोंडावरचं शीत काढलं. मग स्वरूपाकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं का, मला कुणी विचारलं तर मी हो म्हणीन, पण तिचा आवाज जराबी हलला न्हाय.

"काही नाही," ती म्हणाली. "तू काहीच केलं नव्हतंस. छकुलीनंही काही केलं नव्हतं."

स्वरूपा उठली. बाहेर दादासो गाडीजवळ उभा होता, पोरीला घ्यायला आलेला. त्यानं दार उघडून धरलं. ती त्याच्या समोरनं गेली, गाडीत बसली न्हाय. त्यानं हाक मारली, ती थांबली न्हाय. तशीच चालत कळंबच्या एसटीला गेली, आजीकडं. तवापासनं ती तिथंच हाय, बापाचा फोन घेत न्हाय. दादासो दार धरून उभा राहिला, आमच्या खिडकीकडं बघत, किती वेळ कोण जाणे. त्याला आता कुठलीबी चिठ्ठी लिहून पोरीला परत बोलावता येणार नव्हतं.

मोनाली ते सगळं खिडकीतनं बघत होती. मोबाईल टेबलावर उलटा पडला होता. मी मनात म्हणलं, आता तरी रडेल ही, रडली तर मी जवळ घेईन.

"मावशी, चहा टाका," ती म्हणाली.

मी टाकला. तिनं सगळा प्याला.